अतृप्तांचे दफ्तर : मराठी भयकथेच्या प्रेरणांचा मागोवा

मराठी भयकथेच्या उगमाचा शोध घेऊ जाणाऱ्यास प्रथम पैठणास यावे लागते. सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने पणात हार पत्करल्यावर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिहींचा त्याग केला, विंध्यारण्यात राहून पिशाचांची भाषा आत्मसात केली, आणि शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहून काढली. राजाने ती अव्हेरली तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत तो ते अग्नीच्या स्वाधीन करू लागला, आणि चारापाणी विसरून ऐकत राहिलेल्या त्या श्वापदांचे मांस शुष्क निघू लागल्याची चौकशी राजाच्या मुदपाकखान्यातून सुरू झाली, तेव्हा कोठे अखेरचे एक लक्ष श्लोक वाचले. ही आख्यायिका अकराव्या शतकातील काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागराच्या आरंभी सांगितली आहे. तिच्याहून अधिक भेदक असे कथालेखकाचे चित्र माझ्या वाचनात नाही.

वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्याच सागरातल्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली वेताळपंचविशी मराठीत आणली, म्हणजे आपले मुद्रित गद्य अद्याप बाल्यावस्थेत असतानाच स्मशानातील प्रेत राजाच्या खांद्यावर बसून मराठी बोलू लागले होते. या गोष्टींतील भय वरवरचे आहे, त्यांचा गाभा न्यायनिवाड्याचा आहे, हे मात्र पुरेसे कोणी ध्यानात घेत नाही. कन्येवर अधिकार कोणाचा, अधिक अपराधी कोण, थोर त्याग कोणाचा, असे प्रश्न टाकून वेताळ राजाला फिर्याद ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या जागी बसवितो. पुढील जवळजवळ दोनशे वर्षांत जी उत्तम मराठी भयकथा लिहिली गेली, तिने हा फिर्यादीचा सूर सोडलेला नाही, असे माझे मत आहे.

आणि सोडावा तरी कसा? आपल्याकडील भुतांची जातवारी पाहिली तर ती वंचितांची नोंदवही वाटते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा होऊन पाण्याकाठी वाट अडवितो. वतनावर जीव ठेवून निपुत्रिक मेलेला समंध आपल्याच वाड्याचा उंबरा सोडीत नाही. यांपैकी कोणीही परका नाही, प्रत्येकाचे काही तरी राहून गेले आहे, आणि ज्यांच्याकडे ते राहिले त्यांच्याच दारी तो येतो. शनिवारवाड्याची दंतकथा याच मातीतली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चुलते रघुनाथराव यांच्यावर दोष ठेवला, पण शासन अमलात आले नाही. मारेकऱ्यांनी घेरलेल्या त्या कोवळ्या पेशव्याने चुलत्याला घातलेली हाक त्या वाड्यात अद्याप ऐकू येते असे पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, यात मला नवल वाटत नाही.

कोकणात या अदृश्य जगाला रीतसर कारभारच आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या हद्दीवरून गस्त घालतो अशी श्रद्धा असल्याने त्याला चामड्याच्या प्रचंड वहाणा अर्पण करतात, आणि त्या झिजलेल्या आढळतात असे भक्त सांगतात. गोव्यात आमोणे आणि लोलये येथेही वेताळ ग्रामदैवत आहे. शिवेशिवेवर राखणदार, त्याचा मान ठरलेला, आणि मान चुकला तर गाऱ्हाणे घालून तो पुरा करावयाचा, ही सारी गावऱ्हाटी ज्याने बालपणी पाहिली, त्याच्या कल्पनेला भयाची सामग्री बाहेरून आणावी लागत नाही. वेंगुर्ले तालुक्यातच १९३० साली चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले. त्यांच्या 'रात्र काळी, घागर काळी' आणि 'कोंडुरा' या कादंबऱ्यांत भूत क्वचितच समोर येते. तेथे भूमी, वासना आणि दैवी संकेत हीच माणसाला झपाटतात. धारवाडला अध्यापन करीत आयुष्य काढलेल्या जी. ए. कुलकर्णी यांनी तर 'काजळमाया' आणि 'रमलखुणा'त ही फिर्याद थेट नियतीच्या दरबारात नेली, जेथे ती दाखल होते, परंतु निकाल कधीच फिर्यादीसारखा लागत नाही. या दोघांना भयकथाकार म्हणण्यास समीक्षक कचरतात. मला तो संकोच अनाठायी वाटतो.

लोकप्रिय भयकथेचा संसार मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी सांभाळला. अनंत अंतरकरांचे 'नवल' हे त्यांतील ठळक नाव. या क्षेत्रात नारायण धारप (१९२५–२००८) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. रसायनशास्त्र शिकलेल्या या लेखकाने शंभरांवर पुस्तके लिहिली. लव्हक्राफ्टच्या विश्वातील अमानुष, अनादि शक्ती आणि स्टीफन किंगच्या कथांचे सांगाडे त्यांनी मोकळेपणे उचलले, आणि 'शपथ'सारख्या कादंबरीत ते उसनेपण ओळखूही येते. परंतु केवळ उसनवारी म्हणून त्यांचा निकाल लावणारे एक गोष्ट विसरतात. माजघरातला अंधार, वारसाहक्काने आलेला आणि कोणी राहावयास धजत नसलेला वाडा, वकिलाकडून आलेले पत्र, आणि या सर्वांना शांतपणे सामोरे जाणारे 'समर्थ' हा मुलूख धारपांचा स्वतःचा आहे. त्यांचे निवेदन एखाद्या जबाबासारखे संथ, तपशीलवार चालते आणि म्हणूनच विश्वासार्ह ठरते. अशक्य ते सांगताना आवाज चढवावयाचा नाही, हे त्यांनी मराठी लेखकांना शिकविले.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी हे भय वाड्यातून काढून मुंबईच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडात आणले. १९७८ पर्यंत बँकेत नोकरी केलेल्या या लेखकाला त्या बिऱ्हाडांतील हिशेबी मने ठाऊक होती. आपल्या कथांना ते गूढकथा म्हणत. 'खेकडा' आणि 'मध्यरात्रीचे पडघम' यांच्या वाचकाला भीती वाटते ती प्रेताची नव्हे, शेजारच्या खोलीतील माणसाच्या इच्छेची. दलितांवरील अत्याचारांना वाचा फोडणारे 'लोककथा ७८' हे नाटक याच लेखकाचे, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याला अन्याय दिसतो, त्यालाच त्याचे पिशाच दिसते.

२०१८ सालचा 'तुंबाड' हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याचे बीज मराठी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नागझिऱ्याच्या अरण्यात मित्राकडून धारपांची एक कथा ऐकली, तिने त्यांची पाठ सोडली नाही. शीर्षक मिळाले ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. चित्रपटातला हस्तर हा कल्पित देव सुवर्ण घेऊ शकला, पण धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला, आणि मातेने त्याला वाचविले ते त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. पूजेचा मान नाकारलेला आणि अन्नाला पारखा झालेला हा देव वाड्याच्या पोटात युगानुयुगे भुकेला बसून असतो, आणि कणकेची बाहुली घेऊन खाली उतरणारा माणूस त्याच्या भुकेचाच लाभ उठवीत असतो. धारप हयात असते तर त्यांनी या कथेत समर्थांना बोलावले असते, की हस्तरचेही गाऱ्हाणे ऐकून घेतले असते, हा विचार तो चित्रपट पाहिल्यापासून माझ्या मनात आहे.