अ‍ॅम्पची घरघर कुठल्या सुरात?

व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घरी जोडून पहिल्यांदा चालू केला की गिटारच्या आधी घरघर ऐकू येते, हा बहुतेकांचा अनुभव. मग सोल्डरिंग आयर्न तापवून दिसेल तो कपॅसिटर बदलायची घाई होते. तसं करू नये. आधी नीट ऐकावं. घरघरीला सूर असतो आणि बिघाड कुठे शोधायचा, हे तो सूर बऱ्यापैकी नेमकं सांगतो.

आपली वीज ५० हर्ट्झची. व्हॉल्व्हला लागणारा तीनशे व्होल्टच्या वरचा डीसी दाब तयार करताना रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, म्हणून त्या वाटेने निसटलेली घरघर १०० हर्ट्झची असते आणि तिला खरखरीत धार असते. हीटरच्या तारांमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरलेला आवाज मुख्यतः ५० हर्ट्झचा, गोल आणि जड. दोन्ही ओळखायला उपकरण लागत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून छेडा. तो ‘जी’ आहे, ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळली तर १००, एक सप्तक खाली वाटली तर ५०.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरघर कमी होते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. हे कधीही करू नका. वादकाची बोटं तारांवर असतात आणि तारा चासीला जोडलेल्या असतात. आत एखादी वायर सुटून चासीला टेकली, तर त्या पिनेशिवाय वाचवणारं काही नाही. अ‍ॅम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवायचे, मल्टिमीटरने खात्री करायची आणि मगच हात आत घालायचा.

उदाहरणासाठी फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातला ‘चॅम्प’ घेऊ. त्याचं ५एफ१ हे सर्किट घरी अ‍ॅम्प बनवणाऱ्यांचं आजही लाडकं आहे, कारण त्यात तीनच व्हॉल्व्ह आहेत : १२एएक्स७, ६व्ही६ आणि रेक्टिफायरचा ५वाय३. व्हॉल्यूमचं बटण १२एएक्स७च्या दोन भागांच्या मधोमध येतं. बटण शून्यावर नेल्यावर घरघर गेली तर दोष बटणाच्या अलीकडे, तशीच राहिली तर पलीकडे. राहिली असेल तर अ‍ॅम्प बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही घरघर येत असेल तर ती वीजपुरवठ्यातून किंवा शेवटच्या ६व्ही६च्या टप्प्यातून येते. दोन चाचण्यांत निम्म्याहून जास्त सर्किट संशयातून सुटतं.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. हे सर्किट ६० हर्ट्झच्या अमेरिकेत आखलेलं. तिथे १६ मायक्रोफॅरडचा पहिला कपॅसिटर दर ८.३ मिलिसेकंदांनी पुन्हा भरतो, आपल्याकडे दर १० मिलिसेकंदांनी. मधल्या वेळात त्याला एकट्यालाच सगळा प्रवाह पुरवायचा असतो, त्यामुळे दाबातला चढउतार साधारण वीस टक्क्यांनी वाढतो. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये दोन पॉवर व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध चालतात आणि हा चढउतार आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बराचसा रद्द होतो. चॅम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह एकच, म्हणून तो स्पीकरपर्यंत पोहोचतो. १६ च्या जागी २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की फरक ऐकू येतो. याहून खूप मोठा मात्र लावू नये, तो भरताना लागणारा प्रवाह रेक्टिफायर व्हॉल्व्हला झेपत नाही.

कपॅसिटर नवा आहे आणि १०० हर्ट्झची खरखर तरीही आहे, तर चासीवरचे अर्थचे जोड तपासा. माझ्या मते घरगुती अ‍ॅम्पमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. रेक्टिफायर कपॅसिटरला सलग प्रवाह देत नाही, छोट्या छोट्या झटक्यांनी भरतो. समजा, झटका ०.३ अँपियरचा आहे आणि ज्या वायरमधून तो परत जातो तिचा रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे. तेवढ्यानेही वायरच्या दोन टोकांमध्ये ३ मिलिव्होल्टचा फरक पडतो. गिटारच्या जॅकची अर्थ त्याच वायरवर असेल तर हे ३ मिलिव्होल्ट गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळतात, आणि पहिलाच टप्पा ते कित्येक पटींनी वाढवतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आधी थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि तिथून एकच वायर चासीला न्यायची. जॅकची अर्थ त्यापासून दूर, दुसऱ्या टोकाला.

घरघर ५० हर्ट्झची असेल तर संशय हीटरवर. दोन व्हॉल्व्हचे हीटर मिळून ६.३ व्होल्टवर पाऊण अँपियर घेतात, तेही एसी. दोन्ही वायरींना एकमेकींभोवती घट्ट पीळ घातला तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. प्रत्येक वायरीतून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर अर्थला जोडला तर दोन्हीकडचा दाब समतोल राहतो. खात्री करायची तर हीटरची ट्रान्सफॉर्मरकडची जोडणी सोडवून त्यांना थोडा वेळ इमर्जन्सी दिव्यातल्या ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर चोर सापडला.

टिचकी मारल्यावर टणत्कार करणारा व्हॉल्व्ह आतून सैल झालेला असतो, तो बदलायचा. एवढं सगळं झाल्यावर उरते ती बारीक ‘सूं’. वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये दाखवलं, की व्हॉल्व्हमधला प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे तो कधीच पूर्ण गुळगुळीत नसतो. १९२८ मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन जॉन्सन यांनी साध्या रेझिस्टरमधलाही आवाज मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं : आवाज तापमानातून येतो आणि रोधाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. चॅम्पच्या पहिल्या जॅकमागे ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर येतात, म्हणजे ३४ किलोओहम. १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांचा आवाज सुमारे २.४ मायक्रोव्होल्ट भरतो. त्या जागी १० किलोओहम लावले तर तो १.३ वर येतो. पण हेच रेझिस्टर जवळच्या रेडिओ केंद्राच्या लहरीही अडवतात. मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाजवळ राहणाऱ्यांनी ते आहेत तसेच ठेवावेत, नाहीतर अ‍ॅम्पमधून बातम्या ऐकू येऊ शकतात. बदल करायचाच तर व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे जुने कार्बनचे रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे लावावेत. कार्बनमधून प्रवाह वाहताना तापमानाच्या आवाजावर आणखी खरखर चढते. तेवढी तरी नक्की काढता येते.