गिझर पेटत का नाही?

जानेवारीतली सकाळ. निगडी, चिंचवड किंवा चाकण भागात राहणाऱ्या मुलांना तिचे वर्णन करून सांगायला नको. सहा वाजलेले, बाहेर धुके, शाळेची बस थोड्याच वेळात यायची आणि नळाचे पाणी बोटे बधिर करणारे! ड्राय बाल्कनीत भिंतीवर टांगलेला गॅसचा गिझर 'टक्-टक्-टक्' असा आवाज करतो, थांबतो, आणि पेटत मात्र नाही. नळ बंद करून पुन्हा सोडावा, तर पुन्हा तेच. मग घरातले कोणीतरी म्हणते, "काडेपेटी आणा रे!"

काडेपेटी आणू नका. का आणायची नाही, ते पुढे येईलच. आधी आपण दुसरेच काम करू. गिझर उघडायचा नाही, त्याच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. फक्त पाहायचे, ऐकायचे आणि तर्क करायचा. एवढ्यावर दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा ओळखता येते.

पहिला प्रश्न असा, की गिझर पेटवतो कोण? शेगडीचे बटण आपण फिरवतो, पण गिझरच्या बाबतीत आपण फक्त पाण्याचा नळ सोडतो. मग गॅस सुटतो कसा? १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या एका रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र केले आणि आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्याला 'गिझर' हे नाव दिले. त्या यंत्रात जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते. आज आपल्या भिंतीवरचा गिझर पुष्कळ शहाणा झाला आहे. त्याचे शहाणपण एका रबराच्या चकतीत आहे.

गिझरमध्ये शिरणारे पाणी एका लहानशा डबीतून जाते. डबीचे मध्यावर दोन कप्पे केलेले असतात आणि त्यांच्यामध्ये रबराचा पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. पाणी वाहू लागले की ते एका अरुंद वाटेतून जोरात जाते. वेग वाढला की तेथील दाब घटतो, हे डॅनियल बर्नोलीने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. एका कप्प्याचा संबंध ह्या अरुंद वाटेशी असल्यामुळे तेथला दाब कमी होतो, दुसऱ्यातला तसाच राहतो आणि पडदा एका बाजूला ढकलला जातो. पडद्याला टेकलेली दांडी पुढे सरकते. ती गॅसची झडप उचलते व एक छोटा स्विचही दाबते. पाणी थांबले की पडदा मागे येतो आणि गॅस बंद. म्हणजे पाणी वाहत नसताना नळ्या कोरड्या तापण्याची भीतीच नाही. ह्यातला 'वाहत' हा शब्द लक्षात ठेवा. पाण्याला नुसता दाब असून उपयोग नाही, ते पुरेशा वेगाने वाहिले पाहिजे.

आता दोष शोधू. नळ सोडला आणि 'टक्-टक्' आवाजच आला नाही, तर संशयित दोन : पाणी किंवा बॅटरी.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. गिझरचा गरम नळ पूर्ण सोडून एक बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. मिनिटाला ६ लिटरचा गिझर असेल तर १८ लिटरची बादली सुमारे ३ मिनिटांत भरावी. सहा-सात मिनिटे लागत असतील तर पडदा हलण्याइतका प्रवाहच नाही. हा त्रास इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जास्त, असे तुमच्या लक्षात आले आहे का? गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी नळाच्या १० मीटर वर असेल, तर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. तळमजल्यावरच्या मुलांना असा दाब सहज मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम २-३ मीटर, म्हणजे दाब त्याच्या पाव हिश्शाइतका. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असेल, शॉवरची भोके बुजली असतील, तर तोही अडतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली, आणि अनेक सोसायट्या बोअरचे व टँकरचे पाणी टाकीत मिसळू लागल्या. असे पाणी जड असले तर तापल्यावर त्यातील क्षार तांब्याच्या नळीत आतून थर धरतात आणि वाट आणखी अरुंद होते. दोष गिझरचा वाटतो, पण तो असतो पाण्याचा.

प्रवाह चांगला असूनही आवाज नसेल, तर गिझरच्या खालच्या डबीतले दोन मोठे सेल पाहा. दोन्हींचे मिळून ३ व्होल्ट. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ते बदलायला हरकत नाही. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. (माझ्या पाहण्यात 'गिझर बिघडला' ह्या तक्रारींत सेलच्याच तक्रारी फार. मेकॅनिकचे पैसे मात्र पुरे द्यावे लागतात!)

ह्या ३ व्होल्टची ठिणगी कशी पडते? सपाट पत्र्यांमध्ये १ मिलिमीटर हवेतून ठिणगी पाडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. गिझरमधील छोटे मंडल सेलचा प्रवाह भराभर चालू-बंद करते आणि तारेच्या वेटोळ्यांच्या साहाय्याने व्होल्ट हजारो पटींनी वाढवते. प्रत्येक 'टक्' म्हणजे एक छोटी वीज. सेल अशक्त झाले की आवाज येतो पण मंद, रेंगाळत.

आवाज खणखणीत, खिडकीतून निळी ठिणगीही दिसते, तरी ज्योत नाही, तर गॅसकडे वळावे. सिलिंडर संपला आहे का? रेग्युलेटर उघडा आहे का? नवा सिलिंडर जोडला असेल तर नळीत हवा अडकलेली असते. एक-दोन प्रयत्नांत ती निघून जाते. पण थंडीतले आणखी एक कारण आहे आणि ते मला फार आवडते, कारण त्यात थोडे गणित आहे.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे. ६ × २५ = १५० किलोकॅलरी दर मिनिटाला, म्हणजे जवळजवळ साडेदहा किलोवॅट! शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो. गिझर एकटाच चार-पाच बर्नरइतका गॅस खातो. १ किलोग्रॅम एलपीजी सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता देतो. थोडी वाया जाते हे धरले तर मिनिटाला १६ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. आता सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून वायू होतो तेव्हा उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून घेतो, म्हणून सिलिंडर गार पडतो. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, पण ब्यूटेन जवळजवळ ० अंशांवर. तेव्हा थंडीच्या सकाळी, तळाशी थोडासाच द्रव उरलेला असताना, एवढ्या भराभर वायू तयार होत नाही. शेगडी चालते आणि गिझर रुसतो तो ह्यामुळे.

ज्या घरांत नळाने गॅस येतो त्यांची गोष्ट निराळी. महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव ह्या पट्ट्यात तिने भूमिगत नळ टाकले. ह्या नळांतून येतो तो मुख्यत्वे मिथेन. सारख्याच घनफळाच्या एलपीजीत मिथेनच्या अडीच पटींहून अधिक उष्णता असते. म्हणून एलपीजीच्या जेटचे भोक बारीक, नळाच्या गॅसच्या जेटचे मोठे. एलपीजीचा गिझर तसाच नळाच्या गॅसला जोडला तर ज्योत मरतुकडी होते किंवा लागतच नाही. उलट केले तर भीषणच : गॅस भसाभसा सुटतो, त्याला हवा पुरत नाही आणि पिवळी, काजळी धरणारी ज्योत उठते. जेट बदलणे हे अधिकृत मेकॅनिकचेच काम. घर बदलले, गिझर सोबत नेला आणि जेट तेच राहिले, असे ह्या भागात सहज घडू शकते.

तिसरा प्रकार सर्वांत गमतीचा. ज्योत लागते, भक्कम लागते आणि काही सेकंदांत विझते. गॅस आहे, पाणी आहे, ठिणगी आहे. मग विझवतो कोण? विझवतो गिझरच! बर्नरवर ज्योतीत शिरलेली एक धातूची काडी तुम्हाला दिसेल. ज्योतीत विद्युत्भारित कण असतात, म्हणून ज्योतीतून वीज वाहते, अगदी थोडी, अँपिअरचा लक्षांश वगैरे. ही काडी तो प्रवाह मोजते. प्रवाह आहे म्हणजे ज्योत आहे. प्रवाह नसेल तर मंडल असे समजते की गॅस सुटतो आहे पण जळत नाही, आणि विद्युत्-झडप बंद करते. काडीवर काजळी किंवा गंज चढला, किंवा ती वाकून ज्योतीबाहेर गेली, की पेटलेली ज्योतही तिला 'दिसत' नाही. जुन्या गिझरांत हेच काम तापयुग्म करीत असे : दोन भिन्न धातूंचा सांधा तापला की वीज निर्माण होते, हा टॉमस झेबेकने १८२१ मध्ये पाहिलेला परिणाम. त्या काही मिलिव्होल्टवर एक छोटा विद्युत्चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो.

तुमचे काका कॅनडात असतील तर त्यांच्या तळघरातील घर तापविणाऱ्या 'फर्नेस'मध्येही अशीच काडी आहे, आणि ती काजळली की सारे घर गारठते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत गियर आणि शाफ्ट कठीण करण्याच्या गॅसच्या भट्ट्या असतात. तेथेही ज्योतीवर अशीच काडी किंवा जंबुपार किरण ओळखणारा डोळा पहारा करतो. पण भट्टीची शिस्त अधिक कडक. पेटविण्यापूर्वी पंखा भट्टीतील हवा अनेक वेळा बदलून घेतो, मग छोटी ज्योत, ती दिसली तरच मोठा गॅस. न पेटल्यास झडपा बंद, आणि पुन्हा पंख्यापासून सुरुवात. कारण आधीच्या प्रयत्नातला न जळलेला गॅस आत साचलेला असतो.

आता काडेपेटीचे उत्तर मिळाले ना? हवेत एलपीजीचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की मिश्रण स्फोटक होते. घरच्या गिझरला बहुधा तसा पंखा नसतो. दोन-तीन प्रयत्न फसले की गॅसचा खटका बंद करावा, खिडकी उघडी ठेवून निदान पाच मिनिटे थांबावे. मिथेन हवेहून हलका, तो वरच्या झरोक्याने निघून जातो. एलपीजी हवेच्या दीडपट-दुप्पट जड, तो जमिनीवर पसरतो, म्हणून त्याला खालून वाट हवी. वास येत असेल तर दिव्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये.

गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो ही तक्रार मात्र दोष नव्हे. पुष्कळ गिझरांत तसे घड्याळ मुद्दाम बसविलेले असते, आणि त्याचे कारण गंभीर आहे.

सगळ्यांत धोकादायक गिझर न पेटणारा नसतो, तर बंद न्हाणीघरात उत्तम पेटणारा असतो. पुन्हा गणित करू. न्हाणीघर १.२ मीटर रुंद, १.८ लांब, २.४ उंच; आत सुमारे ५ घनमीटर हवा. १६ ग्रॅम गॅस जळायला पाव किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.२ घनमीटर हवा लागते, तीही दर मिनिटाला. पाच मिनिटांत पाचव्या हिश्शाच्या हवेतला प्राणवायू संपला! प्राणवायू कमी पडला की कर्ब पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला गळती कळावी म्हणून घातलेला उग्र वासही ज्योतीत जळून गेलेला असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. पाय लटके पडतात आणि आतून कडी काढायचीही शक्ती उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात.

म्हणून गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी. आंघोळ करताना आत कोणी हाक मारूनही ओ देत नसेल, तर गॅस बंद करा, दार उघडा किंवा तोडा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यास तासा-दीड तासात तेवढे काम होते. तेव्हा शुद्धीवर आल्यावर 'आता बरे वाटते' म्हणून घरी बसू नये.

मेकॅनिक आला की त्याला नुसते 'चालत नाही' असे सांगू नका. आवाज येतो की नाही, ज्योत किती सेकंदांनी विझते, तिचा रंग निळा की पिवळा, बादली किती मिनिटांत भरते, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. एलपीजीची गळती वाटली तर मात्र त्याची वाट पाहू नका. १९०६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही तक्रार नोंदविता येते.