डिझेलची जीप आणि तिची धुराची नळी

वसई गांवांतील होळीच्या बाजारांतून एखादी जुनी जीप येऊं लागली, कीं ती दिसण्यापूर्वींच ऐकूं येते. रस्ता अरुंद, दुकानें व घरें रस्त्याला लागून. त्यामुळें मागल्या नळीचा आवाज भिंतींवर आपटून वाढतो आणि काळा धूर ओट्यापर्यंत पोहोंचतो. ओट्यावर बसलेला गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणतो, "डिझेलची गाडी, असें चालायचेंच!" परंतु हें चालायचेंच असें मुळींच नाहीं. पुष्कळदां दोष इंजिनाचा नसतो. इंजिन बदलतांना धुराच्या नळीचा विचार राहून गेलेला असतो.

जीप ही महायुद्धांत जन्मलेली गाडी. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून 'महिंद्र आणि महिंद्र' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें ती आपल्याकडे रूढ केली. जुन्या जीपांचें इंजिन पेट्रोलचें. १९७३ नंतर पेट्रोल महागलें आणि अनेक मालकांनीं तें काढून डिझेलचें इंजिन बसविलें. पुढें कंपनीच्याच गाड्यांत प्यूजो जातीचें २११२ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन येऊं लागलें.

आतां या इंजिनाचा श्वासोच्छ्वास पाहूं. चार धांवांच्या इंजिनांत प्रत्येक नळकांडें दोन फेऱ्यांत एकदां हवा घेतें. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर हें इंजिन मिनिटास सुमारें ३ घनमीटर हवा ओढतें. तीच हवा जळून ४०० अंश सेल्सियसच्या आसपास तापली, म्हणजे दुपटीहून अधिक फुगते. एवढा सगळा वायु मनगटाएवढ्या नळीवाटे बाहेर पडावयाचा असतो. पेट्रोल इंजिनांत चालक पाय उचलतो तेव्हां हवाच कमी होते. डिझेल इंजिन मात्र नेहमीं पुरी हवा घेतें, कमीजास्त होतें तें फक्त तेल. शिवाय हवा १६ ते २२ पट दाबली जात असल्यानें ज्वलन एकदम होतें व आवाज कठोर येतो. म्हणून पेट्रोलसाठीं केलेली जुनी नळी व जुना सायलेन्सर तसाच जोडणें योग्य नव्हे.

नळी अरुंद किंवा वाकवतांना चेपलेली असेल, तर जळलेला वायु अडतो, थोडा नळकांड्यांतच राहतो आणि ताज्या हवेला जागा उरत नाहीं. तेल अर्धवट जळतें व काळा धूर येतो. पण म्हणून सायलेन्सर काढून टाकला कीं गाडीला बळ येतें, ही समजूतही चुकीची आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाला योग्य मापाच्या नळीपेक्षां रुंद नळीनें फारसा लाभ होत नाहीं; लाभतो तो केवळ गोंगाट. टर्बो असेल तर मात्र त्याच्या पुढची नळी मोकळी व रुंद हवी. आणि धुराचें मूळ तेलाच्या पंपांत असेल, तर नळी कितीही बदलली तरी व्यर्थ.

नळीचा मार्गही विचारपूर्वक आंखावा लागतो. जीपच्या पोटाखालीं पुढच्या चाकांना फिरविणारा दांडा असतो, पाटे वरखालीं होतात, ब्रेकच्या व तेलाच्या नळ्या जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धुराची नळी तेलाच्या नळीपासून निदान ३५ मिलिमीटर दूर हवी. इंजिन रबरावर हालत असतें आणि सांगाडा स्थिर. म्हणून मध्यें लवचिक जोड घालावा व नळी रबरी अडकणीवर टांगावी. तसें न केल्यास जोडकाम थोड्याच दिवसांत तडकतें.

सर्वांत महत्त्वाचें तें नळीचें टोंक. धांवत्या गाडीच्या मागें हवेचा दाब कमी होतो व धूर परत आंत ओढला जातो. जीपची मागची बाजू बहुधा कापडाची, आणि मागें बसतात तीं मुलें! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे. तेव्हां नळी सांगाड्याच्या मागच्या कडेबाहेर नेलीच पाहिजे. जमिनीकडे वा डावीकडे तोंड नको. डावीकडे पादचारी असतो.

वसईंत आणखी दोन शत्रू आहेत : खारी हवा आणि पावसाळा. एक लिटर डिझेल जळलें कीं जवळजवळ तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. गाडी थोडेंच अंतर चालविली, तर तें सायलेन्सरांतच सांचून लोखंड आंतून कुजवितें, आणि बाहेरून समुद्राची हवा तेंच करते. म्हणून अल्युमिनियमचा मुलामा दिलेला किंवा न गंजणारा पोलादी पत्रा थोडा महाग पडला तरी परवडतो. तुंबलेल्या पाण्यांत इंजिन चालू असतें तोंवर वायूचा दाब पाणी लोटतो. तें बंद पडलें कीं पाणी नळींतून आंत शिरतें. अशा वेळीं पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न करूं नये. नळकांड्यांत पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं; आंतला दांडाच वांकतो.

कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणें इंजिन वा इंधन बदलल्यास नोंदणी-पुस्तकांत तशी मान्यतेची नोंद हवी. मूळ रचनेंत फेरबदल करण्यास सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें मनाई केली आहे. आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीस सक्तीचा आहे.

यासाठीं मालकानें कारागिराचे पैसे चुकते करण्यापूर्वीं तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. गाडी चालू असतांना जोडांजवळ हात धरून, नळीला स्पर्श न करतां, कोठें गरम झोत लागतो का तें पाहावें. चढावर धूर काळा येतो का तें मागल्या गाडींतून पाहावें. आणि एकदां मागच्या बांकावर, मुलांच्या जागीं, स्वतः बसून होळीपासून स्टेशनपर्यंत जाऊन यावें. शेवटची परीक्षा सर्वांत खरी.