खर्जाचा आधार : खानदेशातील बास गिटार वादकांनी एकत्र का यावे

रविवारच्या मिस्सामध्ये गायनमंडळ प्रवेशगीत सुरू करते, तेव्हा आपले लक्ष प्रथम शब्दांकडे, मग चालीकडे आणि त्यानंतर पेटी, तबला किंवा कीबोर्ड ह्या वाद्यांकडे जाते. चार जाड तारांची गिटार घेऊन मागच्या ओळीत उभ्या असलेल्या वादकाकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याचे वाद्य मध्येच बंद पडले, तर मात्र गाण्याखालून जमीन सरकल्यासारखे वाटते. ह्या दुर्लक्षित वाद्याविषयी आणि ते वाजविणाऱ्यांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. जळगाव, भुसावळ, धुळे व नंदुरबार ह्या भागांत आपली कुटुंबे विखुरलेली आहेत आणि जेथे गायनमंडळात बास गिटार आहे, तेथे ती वाजविणारा बहुधा एकटाच असतो.

हा एकटेपणा वाद्याच्या स्वभावातच आहे. एका मंडळात दोन पेटीवादक असू शकतात, चार गिटारवादक एकत्र बसून वाजवू शकतात. परंतु दोन बास वादक एका गाण्यात कधीच नसतात, कारण खर्जातील दोन भिन्न सुरावटी एकमेकींत मिसळून केवळ गोंगाट होतो. त्यामुळे एका बास वादकाला दुसरा बास वादक आपोआप भेटत नाही. तबल्यास तालुक्याच्या गावी गुरू सापडतो. बास शिकणाऱ्यास, आपला आवाज ठीक येतो की नाही, एवढे सांगणाराही जवळपास कोणी नसतो. म्हणून ह्या वादकांची भेट मुद्दाम घडवून आणावी लागते.

‘बास’ म्हटले की खानदेशात लोकांना वरातीतील डीजेचा छातीवर आदळणारा ठोका आठवतो, आणि शेजारचे आजोबा तर त्या शब्दाचा अर्थ ‘पुरे’ असाच घेतात! वस्तुतः हे सौम्य वाद्य आहे. त्याच्या चार तारा जाडीकडून बारकीकडे अशा जुळवितात की पेटीच्या भाषेत त्या पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २ व पांढरी ५ ह्या स्वरांच्या होतात. मात्र हे स्वर पेटीवरील नेहमीच्या स्वरांहून बरेच खालचे असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर सर्वांत बारीक तार ९८ वेळा. तारेचा कंपणारा भाग साधारण ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर लांब असतो. अमेरिकेत पॉल टुटमार्क ह्यांनी १९३०च्या दशकात असे वाद्य करून पाहिले होते. परंतु जगभर पसरली ती लिओ फेंडर ह्यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेली ‘प्रिसिजन बास’. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ ह्यांच्यासारख्या वादकांनी ती रुजविली. मुंबईत १९९६ मध्ये जन्मलेल्या मोहिनी डे आज जगातील नामवंत बास वादकांत गणल्या जातात. त्यांचे वडील सुजय डे हेही बास वादक, म्हणजे ह्या मुलीस घरातच दुसरा बास वादक लाभला. सर्वांचे भाग्य असे नसते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. मंडळात बास आली की काही आठवड्यांतच तक्रार ऐकू येते : ‘शब्द कळत नाहीत, नुसते घुमते.’ ही तक्रार क्षुल्लक नव्हे. ५ मार्च १९६७ रोजी निघालेल्या ‘मुसिकाम साक्राम’ ह्या पवित्र संगीतविषयक निर्देशात (क्र. ६४) स्पष्ट म्हटले आहे की, वाद्यांनी गायनास आधार द्यावा, पण शब्द समजणे कठीण होईल इतके त्यांनी आवाजास झाकू नये. तक्रारीनंतर बहुधा वादकास आवाज कमी करण्यास सांगितले जाते; मग वाद्य ऐकूच येत नाही, वादकाचा उत्साह मावळतो आणि काही महिन्यांनी गिटार पिशवीत बंद होऊन कपाटावर जाते. दोष बहुतेक वेळा वादकाच्या बोटांत नसून आवाजाच्या मार्गात असतो.

तो मार्ग समजून घेऊ या. चर्चमधील भिंतीवरचे उंच, अरुंद ध्वनिक्षेपक प्रवचनाचे शब्द स्पष्ट पोहोचावेत म्हणून केलेले असतात. त्यांतील लहान पडदे खर्जाचे स्वर निर्माणच करू शकत नाहीत. बास त्यांतून वाजविली तर खरा खर्ज येत नाही, वरचा खरखरीत भाग तेवढा येतो. आवाज वाढविला तर ध्वनिक्षेपक फाटतो. म्हणून बासला मोठ्या पडद्याचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो. त्यात दहा किंवा बारा इंचांचा ध्वनिक्षेपक असावा. लहान देवळास हजारो वॉट लागत नाहीत. दुसरी गोष्ट, ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट हवेत ८ मीटरहून अधिक लांब असते. लहान चर्चच्या रुंदीएवढीच ही लांबी झाली. अशी लाट समोरासमोरच्या कठीण भिंतींत अडकते, आणि मग एका बाकावर कानठळ्या बसतात तर चार बाकांपलीकडे काहीच ऐकू येत नाही. ॲम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवला की हा घुमारा सर्वांत वाढतो. म्हणून तो कोपऱ्यातून काढून भिंतीपासून थोडा पुढे, स्टुलावर ठेवून पाहावा आणि सर्वांत खालच्या स्वरांचे बटण डावीकडे फिरवावे. आवाजाची पट्टी कमी न करता केवळ एवढ्यानेच शब्द मोकळे होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कीबोर्ड वाजविणाऱ्या बंधुभगिनींनाही एक विनंती : बास वाजत असताना डावा हात कीबोर्डच्या खालच्या भागातून उचलावा. तबल्याचा डग्गाही त्याच प्रदेशात बोलतो. तिघांची गर्दी झाल्यावर एकट्या बासला दोष का द्यावा?

गिटारची वायर सरळ माइकच्या जागी खुपसणे हीदेखील नेहमीची चूक. गिटारमधून निघणारा विद्युत्‌संकेत नाजूक असतो. माइकच्या खोबणीत तो दबून मलूल होतो. ह्यासाठी ‘डी. आय. बॉक्स’ नावाची हाताएवढी पेटी मिळते. ती मध्ये जोडली की आवाज स्वच्छ पोहोचतो आणि लांब वायरीतून गुणगुण येत नाही. नव्या गिटारपेक्षा ह्या पेटीवर केलेला खर्च अधिक उपयोगी ठरतो, असे आमचे मत आहे.

यापुढील मजकूर वादकांच्या आई-वडिलांनी व धर्मगुरूंनीही वाचावा, कारण तो जिवाशी निगडित आहे. बास गिटारच्या तारा वाद्याच्या आतून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. समोरचा माइक ध्वनिक्षेपण यंत्राच्या अर्थिंगला जोडलेला असतो. ही दोन यंत्रे वेगवेगळ्या सॉकेटवर असतील आणि त्यांपैकी एका ठिकाणी अर्थिंग नसेल, तर तारा आणि माइक ह्यांच्यात विजेचा दाब उभा राहू शकतो. वादकाची बोटे तारांवर आणि ओठ माइकला लागले की प्रवाह त्याच्या शरीरातून वाहतो. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक रंगमंचावर माइकला स्पर्श करताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. आपल्याकडे जुन्या इमारतीत, सणासाठी घातलेल्या मांडवात किंवा गावच्या उत्सवात दोन पिनांची जोडणी सर्रास वापरली जाते. गुणगुण थांबावी म्हणून तीन पिनांपैकी मोठी पिन मोडून टाकणारेही आढळतात. हे कदापि करू नये. गुणगुण थांबविण्यासाठी डी. आय. बॉक्सवर वेगळे बटण असते.

खानदेशात ह्यात आणखी एक भर पडते. अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर काम करतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, जमीन कोरडी होऊन तडकते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग निकामी होऊ शकते. खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि मे महिन्यातील कार्यक्रमांपूर्वी वायरमनकडून ती तपासून घ्यावी. गायनमंडळाची सर्व यंत्रे एकाच बोर्डवरून चालवावीत व त्या बोर्डवर गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, ज्यास वायरमन आर. सी. सी. बी. म्हणतात, तो ३० मिलिॲम्पिअरचा बसवावा. गाणे सुरू होण्यापूर्वी एक जाणकार मल्टिमीटरचे एक टोक गिटारच्या तारेला व दुसरे माइकच्या जाळीला लावून पाहील, तर अर्ध्या मिनिटात शंका फिटते. काटा किंवा आकडा शून्याजवळ असेल तरच वाजवावे.

ह्याच उन्हाचा परिणाम वाद्याच्या लाकडावर होतो. मुंबईच्या दमट हवेत, १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानातून गिटार घेऊन वादक आनंदाने घरी येतो आणि महिन्याभरात तारा खडखडू लागतात. वाद्य सदोष आहे असे त्यास वाटते. प्रत्यक्षात कोरड्या हवेत लाकूड आकसते, गिटारची मान बहुधा किंचित मागे झुकते, तारा पडद्यांना लागतात आणि पडद्यांची धातूची टोके हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात ह्याच्या उलट घडते. मानेच्या आत एक पोलादी सळई असते व तिचा नट फिरवून वाक सुधारता येतो. परंतु एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि नंतर दिवसभर थांबावे. वाद्य गाडीत ठेवू नये, तसेच कूलरच्या झोताजवळही ठेवू नये. दुपारी ओलसर वारा आणि रात्री कोरडा, हे लाकडास सर्वांत वाईट. भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंजाचा तुकडा घालून ती गिटारच्या पेटीत ठेवावी, म्हणजे उन्हाळा निभावतो. ज्यांच्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते, त्यांनी वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी. वायर लागलेली असेपर्यंत बॅटरी झिजत राहते आणि नेमकी नाताळच्या मध्यरात्री संपते.

वादनाविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती परदेशी पुस्तकांत मिळत नाही. आपली पुष्कळ मराठी गीते भजनाच्या अंगाने, रागावर आधारलेल्या चालीत असतात आणि पेटीवर काळी १ मध्ये गायिली जातात. कीबोर्डवरून शिकलेला वादक तेथे दर ओळीस कॉर्ड बदलू पाहतो आणि चाल बिघडते. काळी १ चा षड्‌ज बासवर दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर असतो, आणि त्याखालचा पंचम सर्वांत जाड तारेच्या चौथ्याच पडद्यावर. दोन बोटांच्या अंतरात तंबोऱ्याचे काम होते. सा आणि प धरून ठेवावेत व जेथे समूह धृपदावर येतो, तेथेच थोडे हलावे. प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाच्या आधारापुरती वाजवावीत असा नियम आहे; त्या दिवसांत तर ही पद्धत विशेष शोभते.

हे सारे वाचून कळले तरी हातात येत नाही. ते दुसऱ्याच्या वाद्यावर वाजवून, दुसऱ्याच्या कानाने ऐकून येते. इंग्लंड-अमेरिकेत बास वादक एखाद्या सभागृहात जमतात, आपापली वाद्ये टेबलांवर मांडतात आणि दिवसभर एकमेकांची वाजवून पाहतात. खानदेशात अशा भेटीसाठी अमळनेर आम्हांस सोयीचे वाटते. भुसावळ, जळगाव व नंदुरबार येथील मंडळी सुरत मार्गाच्या रेल्वेने तेथे उतरू शकतात. धुळ्याची रेल्वे चाळीसगावकडे जात असली तरी धुळ्याहून अमळनेरास रस्त्याने तासाभरात पोहोचता येते. सहाजण आले तरी पुरे. ऑर्केस्ट्रात किंवा बँडमध्ये वाजविणारे अन्य धर्मीय बंधूही अवश्य बोलवावेत. त्यांचा अनुभव आपल्या मुलांपेक्षा अधिक असतो.

त्या दिवशी भाषणे नसावीत. प्रत्येकाने आपली गिटार, वायर, मानेच्या नटाची चावी आणि असल्यास ॲम्प्लिफायर आणावा. कोणीतरी मल्टिमीटर आणावा. आरंभी एकच गिटार सर्व ॲम्प्लिफायरवर वाजवून पाहावी, नंतर एकाच ॲम्प्लिफायरवर सर्व गिटारी, म्हणजे फरक नेमका कशामुळे पडतो ते लक्षात येते. मग एकाने वाजवावे आणि इतरांनी दालनाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन ऐकावे. वादकास स्वतःला जे कधीच ऐकू येत नाही, ते त्यास तेथे कोणीतरी प्रथमच सांगेल. गोल वेटोळ्यांच्या तारा खणखणीत वाजतात, सपाट वेटोळ्यांच्या मऊ व बोटांच्या घर्षणाचा आवाज न करणाऱ्या असतात. उपासनेस सपाट तारा बऱ्या, पण त्या महाग पडतात आणि लहान गावच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. तेव्हा संच एकत्र मागविता येतात का, हेही तेथेच ठरवावे.

दिवस ठरविताना लग्नसराई टाळावी, नाहीतर बँडवाले येणार नाहीत. मे महिना तर नकोच. दिवाळीनंतरचा, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वीचा एखादा शनिवार योग्य. तोवर पावसाने फुगलेली मान जागेवर आलेली असते आणि नाताळच्या तालमींस अजून अवकाश असतो.