पाऊल कुठे टेकतं?

पडद्यावर ॲनिमेशनमधलं पात्र चालू लागलं की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. तळवा जमिनीवर ठाम राहतो, की अंग पुढे जाताना हळूच घसरतो? या घसरण्याला धंद्यात फूटस्केट म्हणतात. या खोडीपायीच मी एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि आजवर त्यातून सुटलेलो नाही: उंच माणसाची हालचाल बुटक्या पात्राला द्यायची कशी?

मोशन कॅप्चर आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अंगावर खुणा लावलेला नट, भोवती कॅमेरे, आणि शेवटी हाती येतो प्रत्येक सांध्याचा क्षणाक्षणाचा कोन. तेच कोन दुसऱ्या सांगाड्याला लावून पाहा. समजा, नटाचा पाय 90 सेंटिमीटरचा आहे आणि पात्राचा 60. कंबर नटाच्याच उंचीवर ठेवली, तर पात्र अधांतरी चालतं. कंबर खाली आणली, तर पाऊल दोन तृतीयांशच पडतं, धड मात्र नटाच्या वेगाने पुढे जातं. मग पाय घसरणारच. धडाचा वेगही त्याच प्रमाणात कमी केला, तर चाल सुधारते, पण नट ज्या दाराशी पोचला तिथे पात्र पोचत नाही. हातांचंही तेच. नमस्काराचे कोन रुंद खांद्यांच्या राक्षसाला दिले, तर तळवे जुळतच नाहीत. अरुंद खांद्यांच्या पोराला दिले, तर एकमेकांतून आरपार जातात. कोन सगळे बरोबर, पण नमस्कार काही झालेला नसतो.

या गोंधळाला शिस्त लावणारा निबंध 1998 साली सिग्राफ परिषदेत मायकेल ग्लायकर यांनी मांडला. ते अँड्र्यू विटकिन यांचे विद्यार्थी. विटकिन आणि मायकेल कॅस यांनी 1988 सालीच दाखवून दिलं होतं, की हालचालीचं गणित एकेका चौकटीपुरतं न मांडता पूर्ण कालावधीसाठी एकत्र मांडता येतं. ग्लायकर यांनी ती वाट पुढे नेली. हाडांची रचना तीच आणि लांबी वेगळी, एवढ्यापुरताच प्रश्न त्यांनी हाती घेतला. या क्षणी टाच जमिनीवर हवी, त्या क्षणी हात खोक्यावर हवा, अशा अटी आधी लिहायच्या. मग मूळ हालचालीत कमीत कमी बदल करून त्या पाळायच्या. चौकटीगणिक दुरुस्ती केली तर पाय जागेवर बसतो, पण गुडघ्याला हिसका बसतो. म्हणून बदलही संथ, लांबवर पसरलेला हवा, हा त्यांचा आग्रह. हालचालीचा डौल समीकरणात बसवल्याचा आव या निबंधात कुठेही नाही, आणि तोच मला त्याचा मोठा गुण वाटतो. 2001 साली कोरियन संशोधकांबरोबर त्यांनी आणखी एक बारकावा मांडला: हात वस्तूजवळ असेल तेव्हा त्याची जागा जपा, मोकळ्या हवेत असेल तेव्हा सांध्याचे कोन.

पण सांगाड्याची रचनाच ठाऊक नसेल तर? 2008 साली आलेल्या ‘स्पोर’ या खेळात प्राणी घडवणार होते खेळाडू. तीन पायांचे, बिनपायांचे, पाठीवर तोंड असलेले. ॲनिमेटरने काम करायचं ते अजून जन्मालाच न आलेल्या शरीरासाठी! ख्रिस हेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षीच्या सिग्राफमध्ये मांडलेला निबंध मी पुन्हापुन्हा वाचतो. तिथला ॲनिमेटर ‘उजवा हात’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘पकडू शकणारे अवयव’, ‘त्यांतले पुढचे’. मग हालचाल कशाच्या संदर्भाने मोजायची ते सांगतो: जमिनीच्या, स्वतःच्या मूळ ठेवणीच्या, की शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागाच्या. काम करताना तो अनेक नमुना-प्राणी एकदम हलताना बघतो. हालचालीमागचा हेतू इथे हालचालीबरोबरच नोंदवला जातो. नंतर कुणाला तो हुडकत बसावं लागत नाही. एवढी प्रामाणिक मांडणी या क्षेत्रात मला दुसरी सापडलेली नाही.

पुढे न्यूरल नेटवर्क आली. रूबेन विलेगास आणि सहकाऱ्यांनी 2018 साली असं जाळं शिकवलं, की ज्याला जोडीची उदाहरणं लागत नव्हती: हालचाल दुसऱ्या पात्राला द्यायची, परत आणायची, मूळ हालचालीशी ताडून बघायची. काम देखणं होतं. पण 2021 साली त्याच विलेगास यांच्या पुढच्या निबंधात काय आलं? स्पर्श! हात अंगाला लागतो तिथे लागलाच पाहिजे, पाय जमिनीवर राहिलाच पाहिजे, आणि शरीर शरीरात घुसता कामा नये. नुसत्या हाडांवर भागलं नाही; त्वचेचा पृष्ठभाग हिशेबात घ्यावा लागला. ग्लायकर यांनी हाताने लिहिलेल्या अटी तेवीस वर्षांनी नव्या रूपात परत आल्या.

यावरून माझं मत पक्कं झालं आहे. हालचाल एकट्या शरीरात नसते. ती शरीर आणि जमीन, हात आणि वस्तू, तळवा आणि तळवा यांच्या नात्यात असते. त्यातलं कोणतं नातं जपायचं आणि कोणतं सोडायचं, हा निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत कॅप्चरचा डेटा साफ करणारी मुलंमुली हा निर्णय रोज घेतात. त्यांच्या कामाला ‘क्लीनअप’ म्हणून खालच्या पायरीवर बसवणं मला साफ नामंजूर आहे. कोन यंत्र मोजतं. नटाने नमस्कार केला होता, हे ओळखून तो नव्या शरीरात शाबूत ठेवणारा माणूस अभिनयाचा भागीदार आहे. श्रेयनामावलीत त्याची जागा ॲनिमेटरच्या शेजारी हवी.