कोंबडखत ‘उष्ण’ का मानतात?

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या गावांत परसात कोंबड्या असतात, पण त्यांची विष्ठा अनेकदा उकिरड्यावरच जाते. ‘कोंबडखत उष्ण असते, झाड जाळते’ हा त्यामागचा समज.

झाड जळते हा अनुभव खराच. त्याचे कारण मात्र उष्णता नव्हे. कोंबडीची विष्ठा आणि मूत्र एकत्रच पडतात. त्यातील यूरिक आम्लापासून (विष्ठेवरचा पांढरा भाग) लवकर अमोनिया तयार होतो. हा अमोनिया आणि क्षार मुळांना इजा करतात. लोणच्याचा खार नुसता खाल्ला तर तोंड भाजते, भाकरीबरोबर तोच रुचतो, तसेच हे.

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, तर कोंबडखतात सुमारे ३ टक्के असते. म्हणून ते कुजवूनच आणि बेताने द्यावे.

एक घमेले विष्ठेत दोन-तीन घमेली पालापाचोळा किंवा बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) मिसळावी. मराठवाड्याच्या उन्हात ढीग लवकर सुकतो. तो सावलीत, ओलसर ठेवावा आणि अधूनमधून वरखाली करावा. आतले तापमान काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले की बहुतेक रोगजंतू मरतात.

दोन-तीन महिन्यांनी ढीग थंड झाला आणि उग्र वास गेला की खत तयार. ताजी विष्ठा मात्र मेथी-कोथिंबिरीच्या उभ्या वाफ्यात टाकू नये.