कादंबरीतली मशीनगन



मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर लिहू पाहणाऱ्या तरुणांची आपल्याकडे वाण नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. गेल्या वर्षी लातूरकडील अशाच एकाने आपल्या कादंबरीचे हस्तलिखित मजकडे वाचावयास दिले. काळ 1948 च्या सप्टेंबरचा. नायक कंधारच्या किल्ल्याच्या बुरुजावर एकटाच बसतो आणि गावच्या लोहाराने घडविलेल्या मशीनगनने रात्रभर रझाकारांना थोपवून धरतो. काडतुसांचा लांब पट्टा एका बाजूने आत जाणारी ती मशीनगन. लेखकाने प्रेमाने तिचे नाव 'मांजरा' ठेवले होते. मी त्याला एवढेच विचारले, "बाबा रे, ही तुझी मांजरा खाते किती?"

यंत्र कल्पनेतले असले तरी त्याला यंत्राचे नियम पाळावेच लागतात. म्हणून ही मांजरा आज आपण मनातल्या मनात चालवून पाहू.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. सराईत माणूस मिनिटाला दोन-तीन बार काढी. मशीनगनची कामे याहून फार निराळी नाहीत. काडतूस नळीत लोटावयाचे, मागचे दार बंद करावयाचे, बार उडवावयाचा, रिकामे टरफल ओढून बाहेर टाकावयाचे. प्रश्न इतकाच, की हे करावयाचे कोणी? गॅटलिंग या अमेरिकन गृहस्थाने 1862 साली ते हाताने फिरवावयाच्या दांड्यावर सोपविले. पुढे सुमारे वीस वर्षांनी हायरम मॅक्सिमने लंडनमध्ये वेगळा विचार केला. बंदूक झाडली की खांद्याला जो धक्का बसतो, तो फुकट का दवडावा? त्याने तो यंत्राकडून झेलवला. धक्क्याने नळी किंचित मागे सरते, दार उघडते, टरफल निघते, पट्टा एक घर पुढे येतो आणि स्प्रिंग सारे पुन्हा पूर्वस्थितीला आणते. चापावर बोट असेपर्यंत हे चालूच. पट्टा म्हणजे रहाटगाडग्याची माळच म्हणा ना. भरलेले गाडगे येते, रिते होते, पुढचे येते.

आता खाण्याचा हिशेब. याच जातीची विकर्स मशीनगन ब्रिटिश लष्कराने 1912 साली घेतली. ती मिनिटाला सुमारे 500 गोळ्या झाडी. कापडी पट्ट्यात 250 काडतुसे, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे काम. एका काडतुसाचे वजन सुमारे 25 ग्रॅम धरा. मिनिटाला साडेबारा किलो झाले. अखंड कोणी झाडीत नाही हे खरे. पण वेळेचा एक दशांश धरला तरी दहा तासांच्या रात्रीला साडेसात क्विंटल होतात! बुरुजावर ती पोती चढविली कोणी?

खाण्यामागून पिणे आलेच. सलग सहाशेच्या आसपास गोळ्या गेल्या, की विकर्सच्या नळीभोवतालच्या टाकीतले सुमारे चार लिटर पाणी उकळू लागे. वाफ नळकांड्याने डब्यात नेऊन तिचे पुन्हा पाणी करीत. त्यामुळे पाणी वाचे आणि वाफेने जागाही उघडी पडत नसे. 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, तेव्हा आपल्या भागातल्या लेखकाने तरी पाण्याचा हिशेब विसरू नये. शिवाय सप्टेंबरचा पाऊस. कापडी पट्टा भिजून आवळला, की त्यातून काडतूस सुटता सुटत नाही आणि यंत्र अडून बसते.

पण मांजराची खरी अडचण लोहाराच्या भात्यापाशी आहे. आपले कारागीर हुशार, पण एकसारखी दहा हजार काडतुसे भात्यावर होत नाहीत. टरफल जरासे जाड झाले की ते नळीत अडकते. त्याला मोठा कारखाना लागतो. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा आहे. आणि साध्या काळ्या दारूची काजळी इतकी धरते, की असले यंत्र लवकरच कोंदते. 1884 च्या सुमारास फ्रान्समध्ये धूररहित दारू निघाली, तेव्हा कुठे मशीनगनला बरकत आली.

लेखकाचे म्हणणे होते, "पण त्याशिवाय नायकाचे शौर्य दिसायचे कसे?" मी त्याला यशवंत घाडगे यांची हकीकत सांगितली. मराठा पलटणीचे हे नाईक कुलाब्याकडचे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले बाकी सारे मारले वा जखमी केले. ते एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालविणारा उडविला, एकाला गोळी घातली. तेवढ्यात हातातल्या बंदुकीची काडतुसे संपली. नवी भरावयास वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेले दोघे लोळविले. मग शत्रूच्या गोळीने तेही पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या ठाण्यातली माणसे मोजा. एका मशीनगनीपाशी चार जण होते.

आपल्या लढ्यातही हत्यारे आकाशातून पडली नाहीत. नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक 1948 च्या जानेवारीत लुटली गेली, ती लढ्याला पैसा हवा होता म्हणूनच. ज्यांनी एकेक काडतूस मोजून वापरले, त्यांच्या हाती न संपणारी मशीनगन देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे मला वाटते.

तो तरुण चार महिन्यांनी पुन्हा आला. आता नायकाजवळ पळवून आणलेली विकर्स आहे आणि पट्टे दोनच. ते तिसऱ्या प्रकरणात संपतात. त्यापुढची पन्नास पाने पाण्याचा डबा घेऊन अंधारात बुरूज उतरणाऱ्या पोराची आहेत. 'मांजरा' हे नाव लेखकाने नायकाच्या म्हशीला दिले आहे.